कोल्हापुरात रोजच्या वापरासाठी जुनी कॉन्टेसा

नोव्हेंबर १९९५ मध्ये नोंदणी झालेली, १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची कॉन्टेसा क्लासिक मी २०२३ च्या दिवाळीत विकत घेतली आणि तेव्हापासून राजारामपुरीतील घर ते शिरोली औद्योगिक वसाहत हा रोजचा प्रवास तिच्यातूनच करतो आहे. एरवी झाकून ठेवायची आणि रविवारी रंकाळ्यावर एक फेरी मारून आणायची, अशा हेतूने ही गाडी घेतलेली नव्हती. पाऊस असो, उन्हाळा असो, सकाळी साडेआठला ती चालू झाली पाहिजे, एवढीच माझी अपेक्षा होती. अशा वापरासाठी ती घ्यावी का, असे मला अनेक जण विचारतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा १९८४ मध्ये बाजारात आणली. ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल कंपनीच्या व्हिक्टर या मोटारीचा साचा तिच्यासाठी वापरला होता आणि पश्चिम बंगालमधील उत्तरपारा येथे २००२ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. लांब बॉनेट, रुंद बसकी ठेवण आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे आपल्याकडे तिला कौतुकाने भारताची मसल कार म्हटले जाते. अमेरिकेत १९६० च्या दशकात हा शब्द मध्यम आकाराच्या गाडीत मोठे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचे, इंजिन बसवलेल्या मोटारींसाठी रूढ झाला. कॉन्टेसाला तसे इंजिन कधीच मिळाले नाही. सुरुवातीच्या गाड्यांत अँबेसेडरचेच १४८९ सीसीचे, सुमारे ५० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि एवढ्या जड गाडीला ते अपुरे पडत असे, त्यामुळे रोजच्या वापरासाठी ती गाडी मुळीच घेऊ नये. पुढे इसुझू या जपानी कंपनीचे १८१७ सीसीचे, सुमारे ८८ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आला, आणि घ्यायचीच असेल तर हीच कॉन्टेसा घ्यावी. डिझेलचीही गाडी निघत असे, पण तिचा आवाज रोज सहन करणे मला शक्य झाले नसते.

खरेदीच्या वेळी माझ्याबरोबर उद्यमनगर या शहरातील कारखान्यांच्या भागातील एक जुने मिस्त्री आले होते. मी बॉनेट उघडायला निघालो, तेव्हा त्यांनी मला थांबवले. "साहेब, पत्रा बघा आधी. इंजिनचं काय, ते मी उभं करतो की," असे म्हणून त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेले एक लोहचुंबक काढले आणि दारांखालच्या पट्टीवरून ते हळूहळू सरकवत नेले. डाव्या बाजूला मागच्या चाकाच्या अलीकडे चुंबक सुटून त्यांच्या हातात आले. वरून रंग आरशासारखा चमकत होता, पण आत पत्र्याऐवजी वीतभर नुसती लांबी, म्हणजे रंगाखाली भरायची पुट्टी, भरलेली होती. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा असल्यामुळे खालची पट्टी गंजली की दारे नीट लागत नाहीत आणि जॅक लावायलाही भक्कम जागा उरत नाही. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडण्याचा खर्च किमतीतून वजा करून घेतल्यानंतरच आम्ही व्यवहार पुढे नेला.

आपल्या भागात आणखी एक तपासणी अत्यावश्यक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहरातील कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांतील अनेक धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. विक्रेता पुराबद्दल काय सांगतो यावर विसंबू नये. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण बाहेरचा भाग धुतला जातो पण गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची तपकिरी रेघ तशीच राहते. डिकीत स्टेपनी काढून तिच्याखाली बोट फिरवले आणि मऊसूत गाळ लागला, तर ती गाडी तिथेच सोडून द्यावी.

कागदपत्रांच्या बाबतीत मात्र मी चुकलो, आणि त्याचा मनस्ताप मोठा झाला. ज्या एजंटामार्फत गाडी घेतली त्याने "पेपर क्लिअर आहेत" असे ठामपणे सांगितले होते. पैसे दिल्यानंतर असे लक्षात आले की पहिल्या मालकाने १९९५ मध्ये घेतलेल्या कर्जाचा बोजा आरसी बुकावर तसाच आहे. कर्ज केव्हाच फिटले होते, पण बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली होती आणि तेथे कोणाला जुनी नोंद सापडेना. बँकेचे ना हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत तीन महिने गेले. तोपर्यंत गाडी माझ्या नावावर होऊ शकली नाही आणि एजंटाने फोन उचलणेही बंद केले. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आरसीवर बोजाची नोंद आहे का हे स्वतः वाचावे, आणि मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ व ३० वर विक्रेत्याची सही समोर बसून घ्यावी.

पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी एका वेळी पाचच वर्षांसाठी वाढवून मिळते. माझ्या गाडीची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपत होती. वीस वर्षांहून जुन्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झाले होते, त्यामुळे तेवढे भरावे लागले. पर्यावरण कर वेगळा. विम्यातही १,५०० सीसीच्या वरची मोटार म्हणून त्रयस्थ पक्षाचा हप्ता सर्वांत वरच्या गटातला बसतो.

एवढे सगळे असूनही गाडी रोज चालते, याचे श्रेय मी निःसंकोचपणे उद्यमनगराला देतो. कंपनीचे सुटे भाग आता दुकानात मिळत नाहीत. अँबेसेडरच्या १८०० आयएसझेड या मॉडेलमध्येही इसुझूचेच इंजिन असल्यामुळे इंजिनाचे काही भाग तिकडून मिळवता येतात, पण बाकी बरेच काही घडवूनच घ्यावे लागते. ज्या शहरात फाउंड्रीपासून लेथपर्यंत सगळे एका हाकेच्या अंतरावर आहे, तेथे ही अडचण पुष्कळ हलकी होते. पाण्याच्या पंपाचे बुश झिजले, तेव्हा सकाळी नमुना दिला आणि संध्याकाळी नवे बुश बसवून गाडी घरी आणली. रेडिएटरची जाळी नव्याने भरून घेतल्यापासून एप्रिलच्या उन्हात दसरा चौकात अडकलो तरी तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही.

इथेनॉलचा त्रास मात्र मला अपेक्षित नव्हता. आपल्या जिल्ह्याच्या उसातून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते आणि जुन्या गाड्यांचे रबर त्याला टिकत नाही. एकदा कावळा नाक्याच्या सिग्नलला पेट्रोलचा वास आला म्हणून गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडले, तर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बोरेटरकडे जाणारी नळी चिकट झाली होती आणि तिचा काळा थर बोटाला लागत होता. गरम इंजिनाच्या इतक्या जवळ नळी अशी विरघळत असेल, तर ती आग लागण्याची उघड शक्यता आहे. पेट्रोलच्या सर्व नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या बसवून घेतल्या, इंधनपंपाचा पडदा बदलला आणि टाकी उतरवून आतून साफ केली. कार्बोरेटरची कोणतीही जुनी गाडी घेणाऱ्याने हे काम पहिल्याच आठवड्यात करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

चालवण्याचे समाधान मात्र दोन वर्षांनंतरही कमी झालेले नाही. पंचगंगेच्या पुलावरून महामार्गावर पाचवा गिअर पडला की गाडी जमीन धरून, शांतपणे चालते. मागच्या सीटवर तीन मोठी माणसे पाय पसरून बसतात आणि वडिलांना तिच्यात चढता-उतरताना त्रास होत नाही. वेगाची हौस असणाऱ्याने तिच्याकडून काही मागू नये, कारण आजच्या लहान मोटारीही जवळपास तेवढीच शक्ती देतात आणि वजनाने कितीतरी हलक्या असतात. एअरबॅग नाही, जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा नाही. पावसात करूळ घाट उतरताना वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला तर मागची बाजू बाहेर जाऊ लागते, हे एकदा अनुभवल्यापासून मी ओल्या रस्त्यावर फार बेताने चालवतो. शहरात लिटरला आठ ते नऊ किलोमीटर मिळतात. साडेचार मीटरपेक्षा लांब गाडी महाद्वार रोडच्या परिसरात लावायला जागा मिळत नाही, तिकडे मी दुचाकीनेच जातो.

पहिल्या वर्षात दुरुस्तीवर खरेदीच्या किमतीच्या जवळपास निम्मी रक्कम खर्च झाली. दुसऱ्या वर्षी तेल, फिल्टर आणि क्लचप्लेट यांपलीकडे फारसे काही लागले नाही. दारांच्या रबरी पट्ट्या मात्र अजून कोठेही मिळालेल्या नाहीत. दुसऱ्या गाडीच्या पट्ट्या कापून बसवल्या आहेत, आणि जोराच्या पावसात उजव्या दाराच्या कोपऱ्यातून अजूनही थेंब थेंब पाणी आत येते.