चाळिशी लागली: दोन चष्मे, बायफोकल की प्रोग्रेसिव्ह?

औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचायला हात लांब न्यावा लागला की ओळखायचं. आपल्याकडे या चष्म्याचं नावच ‘चाळिशी’! डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होत जातं, जवळचं पाहायला फुगत नाही. मग जवळचा जादा नंबर लागतो: सुरुवातीला साधारण +१.००, साठीपर्यंत +२.५०च्या आसपास.

लांबचं स्वच्छ दिसत असेल तर वाचनाचा साधा चष्मा पुरे. लांबचा नंबर उणे दोन असेल तर वाचताना चष्मा काढून ठेवा. अर्ध्या मीटरवरची अक्षरं फुकटात दिसतील. खरी पंचाईत बाकीच्यांची, ज्यांना लांबचा आणि जवळचा असे दोन्ही नंबर लागतात.

दोन वेगळे चष्मे हा सगळ्यांत स्वस्त आणि डोळ्यांना सुखाचा मार्ग, कारण प्रत्येक काच या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच नंबराची. फक्त हवा तो चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो.

बायफोकल, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली वाचनाचा नंबर, जुना आणि भरवशाचा. बेंजामिन फ्रँकलिनने १७८५च्या एका पत्रात आपल्या अशा जोडकाचेच्या चष्म्याचं वर्णन केलं आहे. आज दुकानात बहुधा वाचायचा भाग ‘डी’ आकाराचा असलेला मिळतो. तो भाग ऐसपैस, सवय चार दिवसांत. रेघ दिसते आणि नजर ती ओलांडताना वस्तू किंचित उडी मारते. मोठी उणीव मधल्या अंतराची. +२.५०चा भाग ४० सेंटिमीटरसाठी, वरचा लांबसाठी. ६५ सेंटिमीटरवरचा लॅपटॉप दोन्हींतून निसटतो. नंबर +१.२५ असेपर्यंत हे जाणवत नाही, कारण डोळ्यात थोडी लवचिकता शिल्लक असते.

प्रोग्रेसिव्हमध्ये नंबर वरून खाली हळूहळू वाढतो, रेघ नसते. फ्रान्समध्ये १९५९ साली ‘व्हॅरिलक्स’ आला, तेव्हापासून ही काच रुळली. मात्र नंबर असा चढवत नेला की कडेला काच वाकडंतिकडं दाखवणारच. महागड्या काचेत हा धूसरपणा कमी असतो, नाहीसा होत नाही. जवळचा नंबर जितका जास्त, तितका तो जास्त. म्हणून माझं मत: प्रोग्रेसिव्ह घ्यायचाच असेल तर +१.००-१.२५ असतानाच घ्या. पंचावन्नाव्या वर्षी थेट +२.२५ने सुरुवात करणाऱ्याला तो फार छळतो.

ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचं, हे मी पैसे घालवून शिकले. पहिल्या प्रोग्रेसिव्हला तीन आठवडे हनुवटी वर करून वाचत होते. म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी समोर बसून, निवडलेली फ्रेम माझ्या नाकावर ठेवून, दोन्ही बाहुल्यांसमोर काचेवर पेनाने ठिपके दिले. आधीच्या चष्म्यात ती खूण बाहुलीच्या खाली बसली होती. आधीच्या दुकानात उंची कोणी मोजलीच नव्हती! ठिपके न देता ऑर्डर घेत असतील तर सरळ उठा. बाहुलीपासून फ्रेमच्या खालच्या काठापर्यंत १८ मिलिमीटर तरी मिळावेत, नाहीतर वाचायचा भागच कापला जातो.

सवयीला एक-दोन आठवडे द्या. वाचताना मान नाही, नजर खाली. बाजूला पाहताना नाक तिकडे वळवा. जिना उतरताना मात्र हनुवटी छातीकडे घ्या, नाहीतर पायऱ्या वाचनाच्या भागातून धूसर दिसतात. बायफोकललाही हेच लागू. अधूनमधून जुना चष्मा घातलात तर सवय लांबते.

आठ तास स्क्रीनसमोर असाल तर नुसत्या प्रोग्रेसिव्हने मान दुखेल. त्यासाठी ऑफिस लेन्स वेगळी मिळते. मधला आणि जवळचा भाग रुंद, पण ती घालून गाडी चालवायची नाही.

आमच्या बाबांनी अडुसष्टाव्या वर्षी प्रोग्रेसिव्ह दहा दिवस घातला. पेपरची अख्खी ओळ एका नजरेत येईना. परत ‘डी’ बायफोकल करून घेतला. ते लॅपटॉप उघडत नाहीत, त्यामुळे मीही आग्रह केला नाही.