आमिश वस्ती पाहायची तर लँकेस्टर की होम्स काउंटी?

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून आले की न्यू जर्सीकडची आपली बहुतेक मंडळी त्यांना पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टरला आमिश वस्ती दाखवायला नेतात. आमिश म्हणजे स्वतःची मोटार न बाळगता घोड्याच्या बग्गीतून फिरणारा, साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ. आम्हीही आधी तिथेच गेलो. तीनेक तासांत पोचता येतं, शिवाय आमिशांची आज टिकून असलेली सर्वांत जुनी वस्ती तीच. १६९३ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथापासून फुटून निघालेल्या याकोब आम्मानच्या अनुयायांना अठराव्या शतकात पेनसिल्वेनियात आसरा मिळाला. एका शेतात खेचरं जुंपलेली होती. बाबा खाली उतरले, मातीकडे बघून म्हणाले, "वाफसा बघून आलाय गडी."

मन विटलं ते पुढे, ३४० नंबरच्या रस्त्यावर. पुढे राखाडी बग्गी, तिच्यामागे गाड्यांची रांग. एका गाडीच्या खिडकीतून मोबाइल बाहेर आला आणि बग्गीत मागे बसलेल्या पोराने टोपी तोंडावर ओढली. मूर्ती घडवू नये ही बायबलातली आज्ञा ही माणसं फोटोलाही लावतात. चेहरा मिरवणं त्यांच्या लेखी गर्व. त्या दिवशी असं तीनदा पाहिलं. आई म्हणाली, "चल बाबा परत, कुणाच्या दारात असं उभं राहू नये."

पुढच्या वर्षी ओहायोतल्या होम्स काउंटीला गेलो. सात तासांहून जास्त ड्रायव्हिंग, म्हणजे मुक्काम आलाच. शनिवारी बर्लिन गावातही गर्दी असते, नाही असं नाही. पण बुधवारी माउंट होपच्या जनावरांच्या लिलावात गर्दी होती ती आमिशांचीच. सगळे बोलीत गुंतलेले. आम्ही कोपऱ्यातल्या बाकावर दोन तास बसलो.

'ऑर्डनुंग', म्हणजे आमिशांच्या प्रत्येक धर्ममंडळीचे राहणीचे नियम, मला तिथेच नीट कळले. लँकेस्टरला सायकल चालत नाही, पायाने ढकलायची स्कूटर चालते. इथे सायकली सर्रास दिसतात. त्याच रस्त्यावर श्वार्ट्झनट्रुबर या जास्त कडक आमिश उपपंथाची काळी बग्गी जाते, तिला मागे संथ वाहनाची खूण असलेला नारिंगी त्रिकोणसुद्धा नाही, कारण तो भडक रंग त्यांना मान्य नाही. बर्लिनच्या वारसा केंद्रात २६५ फूट लांबीचं वर्तुळाकार चित्र आहे, तेवढं चुकवू नका.

बरोबर लहान मुलं असतील किंवा आई-बाबांचे गुडघे दुखत असतील, तर मात्र लँकेस्टरच बरं. स्ट्रासबर्गची वाफेच्या इंजिनाची गाडी मुलांना आवडते. शाकाहारी असाल तर 'पाय' (pie) या भाजलेल्या पदार्थाच्या कवचात डुकराची चरबी आहे का, हे दोन्हीकडे विचारून घ्या. रविवारी आमिशांची दुकानं बंद. दोन दिवस काढता येत असतील, तर मी तरी होम्सच म्हणेन. मंगळवारी रात्री मुक्कामाला पोचा.