पोस्टग्रेसचं ‘एक्स्प्लेन ॲनालाइज’: आठ महिने रोज वापरल्यावर

एका पतसंस्थेचा डेटाबेस मी सांभाळतो, पोस्टग्रेस १६ वर. शाखेचा ‘शेवटचा व्यवहार’ रिपोर्ट उघडायला पाऊण मिनिट लागायचं. काउंटरवरून फोन यायचा, ‘‘सर, पुन्हा अडकलंय.’’ आधी मी इंडेक्समागून इंडेक्स (नोंदी पटकन शोधायच्या सूची) लावले, फरक शून्य. मग ‘एक्स्प्लेन ॲनालाइज’ने प्लॅन काढला, म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवून तिच्या पायऱ्या आणि प्रत्येकीला लागलेला वेळ बघितला. तेव्हापासून प्लॅन बघितल्याशिवाय क्वेरीला हात लावत नाही.

रिपोर्टमागे एक व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी) होता: खात्यानुसार पार्टिशन, तारीख उलट्या क्रमाने, रो नंबर १; म्हणजे प्रत्येक खात्याचा वेगळा गट करून त्यातली सर्वांत ताजी नोंद. एका खात्याचं विचारलं की उत्तर झटक्यात, शाखेचं विचारलं की रखडलंच. प्लॅनमध्ये शाखेची अट विंडोॲगच्या (नोंदींना गटवार क्रमांक देणाऱ्या पायरीच्या) वर, म्हणजे तिच्यानंतर, लागलेली दिसली. म्हणजे सगळ्या शाखांच्या ६० लाख नोंदींचं सॉर्टिंग व्हायचं, मेमरीत मावत नाही म्हणून डिस्कवर, आणि मग एक शाखा ठेवून बाकीचं फेकून द्यायचं. पार्टिशनमध्ये नसलेल्या कॉलमची अट पोस्टग्रेस आत ढकलत नाही (त्या पायरीच्या आधी लावत नाही), आणि ते योग्यच आहे. ढकलली असती तर दुसऱ्या शाखेत वर्ग झालेलं खातं जुन्या शाखेतही दिसलं असतं. मी शाखा खाते-मास्टरमधून (खात्यांच्या मूळ टेबलातून) घेतली, प्रत्येक खात्याला लॅटरल जॉइनने लिमिट १ लावलं (खात्यागणिक वेगळा शोध, एकच नोंद), खाते आणि तारखेवर एकत्र इंडेक्स केला. रिपोर्ट आता सेकंदाच्या आत येतो.

प्लॅन वाचताना एका जागी मी बरेच दिवस फसलो. एका ओळीत वेळ ०.०२ मिलिसेकंद दिसायची, म्हणून तिच्याकडे बघायचोच नाही. शेजारी लूप्स ३ लाख लिहिलेलं असायचं. वेळ एका फेरीची असते; गुणाकार केला की ६ सेकंद.

प्लॅनमध्ये अंदाज १ नोंदीचा आणि प्रत्यक्षात हजारो, असं दिसलं की मी आधी नुसतं ॲनालाइज चालवतो; ही वेगळी कमांड, टेबलाची आकडेवारी ताजी करणारी. मूळ सेटिंगमध्ये टेबलाच्या साधारण १० टक्के नोंदी बदलेपर्यंत ते आपोआप होत नाही. आमच्याकडे म्हणजे तब्बल ६ लाख. व्याज जमा झालेल्या रात्रीनंतरचे प्लॅन त्यामुळेच बिघडायचे. त्या टेबलापुरती मर्यादा २ टक्क्यांवर आणली.

दोन गोष्टी खटकतात. किती डेटा मेमरीतून आणि किती डिस्कवरून आला हे बघायला बफर्स दर वेळी हाताने लिहावं लागतं (१८ व्या आवृत्तीत ते आपोआप येतं). आणि ‘एक्स्प्लेन ॲनालाइज’ क्वेरी खरोखर चालवते, त्यामुळे डिलीट किंवा अपडेट तपासताना आधी बिगिन, शेवटी रोलबॅक (झालेले बदल मागे घेणं), हे विसरून चालत नाही.

रात्रीच्या क्वेरी अशा पकडता येत नाहीत. त्यासाठी प्लॅन आपोआप नोंदवणारं ऑटो एक्स्प्लेन सुरू केलंय, ३ सेकंदांच्या वरचं सगळं लॉगमध्ये येतं.