विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरचे १४ महिने : डॉक्टर ठीक, पण आधी कागद वाचा

बॅगेत क्रोसिनच्या किती पट्ट्या घालायच्या, पुदिन हरा किती, प्रिस्क्रिप्शनच्या झेरॉक्स कुठल्या कप्प्यात, हे अमेरिकेला निघालेल्या प्रत्येकाला दहा जण सांगतात. विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी ज्या कागदांवर सही होते, त्याबद्दल मला कोणी चकार शब्द काढला नव्हता. १४ महिने तिथं खेटे घालून झाल्यावर सांगते. तिथले डॉक्टर आपल्या चांगल्या फॅमिली डॉक्टरइतपतच. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे ते कागद. घरच्यांपासून तुमची गोष्ट लपवण्यात ते एकदम चोख, विद्यापीठापासून लपवण्यात बऱ्यापैकी, आणि बिलापासून वाचवण्यात जवळजवळ कुचकामी.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. मिडवेस्टमधलं मोठं सरकारी विद्यापीठ एवढं पुरे. मी मिरजेची. आमच्या गावात दवाखान्यांना तोटा नाही, पण कंपाउंडर खिडकीतून सगळ्या बाकांना ऐकू जाईल असं "जुलाब कुणाचे?" विचारतो आणि आपण हात वर करतो. फाइल मात्र आपल्याकडे असते. एक्सरे, रिपोर्ट, चिठ्ठ्या सगळं कॅरीबॅगेत घालून घरच्या कपाटावर. इथं बरोबर उलटं आहे. आजाराचं नाव कोणी मोठ्यानं घेत नाही, पण फाइल त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये असते, आणि ती कोण बघणार हे त्या सह्यांवर ठरतं.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलानं (तोही विद्यार्थीच, तासावर काम करणारा) बोटभर उंचीचं सहीचं यंत्र पुढे सरकवलं. त्यावर नुसती रेघ, मजकूर काहीच नाही. "ही उपचाराची संमती, ही बिलाची, ही प्रायव्हसी नोटिस मिळाल्याची," असं म्हणत त्यानं दोन सह्या घेतल्या. तिसरीला मी म्हटलं, मिळाल्याची सही करते, पण नोटिस मिळालीच नाही. तो गोंधळला, आत जाऊन छापून घेऊन आला. सहा पानं निघाली. मागितली की देतात, आपणहून देत नाहीत. ती सहा पानं मी अजून जपून ठेवली आहेत आणि पुढे त्यांनीच माझे पैसे वाचवले.

आता मुख्य प्रकरण. भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांना क्षयाची तपासणी करावी लागते, ती झाली नाही तर पुढच्या सत्राच्या नोंदणीला कुलूप लागतं. आपल्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, व्रण असतो, त्यामुळे हातावर टोचून करायची जुनी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून त्यांनी थेट रक्तच घेतलं. रिपोर्ट रात्री ११ वाजता सेंटरच्या ऑनलाइन पोर्टलवर आला, लाल अक्षरात पॉझिटिव्ह. डॉक्टरांचा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी. मधले तेरा-चौदा तास मी आणि गूगल. अमेरिकेत २०१६ च्या एका कायद्याखालचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले, तेव्हापासून तयार रिपोर्ट पेशंटपासून विनाकारण रोखून ठेवता येत नाही. हक्क चांगलाच आहे, पण रात्री ११ वाजता तो एकटीनं वापरू नये. पोर्टलमध्ये रिपोर्टच्या सूचना बंद करायची सोय आहे, मला ती फार उशिरा सापडली.

छातीचा एक्सरे स्वच्छ निघाला. म्हणजे सुप्त क्षय. जंतू अंगात आहेत पण झोपलेले, कोणाला लागण होत नाही, व्हिसाचाही काही प्रश्न नाही. डॉक्टरीणबाईंनी चार महिने रोज रिफाम्पिसिनची गोळी घ्या असं सुचवलं. इथं मला पहिल्यांदा 'पेशंटचा हक्क' म्हणजे काय ते दिसलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाल्या, हे सक्तीचं नाही. घेतलं नाही तरी नोंदणी अडणार नाही, एक्सरे स्वच्छ आहे तेवढं पुरतं. मग न घेतल्यास पुढे आयुष्यात आजार उफाळण्याची शक्यता किती, घेतल्यास काय त्रास, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कसा कमी होतो, सगळं सांगितलं. लघवी आणि डोळ्यांतलं पाणी नारिंगी होतं, कॉन्टॅक्ट लेन्स कायमच्या डागाळतात हेही. विचार करायला आठवडा दिला. आमच्याकडे डॉक्टरनं "घ्यायचं की नाही तुम्ही ठरवा" म्हटलं तर लोक डॉक्टर बदलतात. मी घ्यायचं ठरवलं, पण ते मी ठरवलं.

नोंदणीचं कुलूप उघडायला दोन दिवस लागले. तेवढ्यात डिपार्टमेंटच्या सल्लागारानं ईमेल केला, हे कशामुळे? त्यांना पडद्यावर फक्त 'आरोग्यविषयक अट अपूर्ण' एवढंच दिसतं, कारण दिसत नाही. मी "काम चालू आहे" एवढंच कळवलं. त्यांनीही पुढे विचारलं नाही.

याच निमित्तानं त्या सहा पानांतलं तिसरं पान नीट वाचलं. आपण सगळे समजतो की अमेरिकेत वैद्यकीय गुप्तता म्हणजे १९९६ चा हिपा कायदा. पण विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमधली विद्यार्थ्यांची फाइल बहुतेक ठिकाणी हिपाखाली येतच नाही, ती १९७४ च्या फर्पा या शिक्षणाच्या कायद्याखाली येते. फरक बारीक आहे, पण त्याची किंमत एका मुलीनं मोजली आहे. ओरेगन विद्यापीठात एका विद्यार्थिनीनं बलात्काराच्या तक्रारीच्या हाताळणीवरून विद्यापीठावरच दावा लावला, आणि त्या वादात विद्यापीठानं तिच्या समुपदेशनाची फाइल तिला न विचारता आपल्या वकिलांसाठी मिळवली. २०१५ मध्ये ते गाजलं, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याला पत्र काढून विद्यापीठांना सांगावं लागलं की खटला उपचाराबद्दलचाच नसेल तर संमती किंवा कोर्टाचा हुकूम नसताना असं करू नका. म्हणून मी वर 'बऱ्यापैकी' लिहिलं, 'चोख' नाही.

समुपदेशनाचा कागद वेगळा असतो आणि तो तर हमखास वाचा. दुसऱ्या सत्रात मी सहा वेळा गेले. समोरची मुलगी शिकाऊ होती. तिला आमचं बोलणं व्हिडिओवर घ्यायचं होतं, तिच्या प्राध्यापिकेला दाखवायला. नाही म्हणता येतं, मी म्हटलं, काही बिघडलं नाही. गुप्तता कुठे संपते तेही त्यात लिहिलेलं असतं: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर. या अटीमागे एक भारतीय विद्यार्थी आहे हे मला इथंच कळलं. १९६९ साली बर्कलीत विद्यापीठाच्याच दवाखान्यात उपचार घेताना त्यानं एका मुलीला मारण्याचा विचार बोलून दाखवला होता. मुलीला कोणी सावध केलं नाही, आणि त्यानं तिचा खून केला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये म्हटलं की अशा वेळी गुप्ततेपेक्षा त्या मुलीचा जीव मोठा.

तपासणीच्या वेळी सोबत तिसरी व्यक्ती, हा दुसरा नियम मला आधी ओशाळवाणा वाटला होता. नाजूक तपासणी असेल तर खोलीत एक प्रशिक्षित नर्स उभी राहते. तिचं काम फक्त बघणं. मैत्रीण सोबत आली तरी ती त्यात धरत नाहीत. डॉक्टरीणबाई प्रत्येक टप्प्याआधी "आता हात लावते" म्हणायच्या आणि "कधीही थांबा म्हणा, कारण सांगायची गरज नाही." हा शिष्टाचार आकाशातून पडलेला नाही. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थी दवाखान्यातल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञाविरुद्ध शेकडो बाईमाणसांनी तक्रारी केल्या आणि २०२१ पर्यंत विद्यापीठानं तडजोडीपोटी कबूल केलेली रक्कम एक अब्ज डॉलरच्या वर गेली. त्या बायकांनी आयुष्यातली वर्षं घालवली म्हणून आज आम्हाला तो कोपऱ्यातला स्टूल आणि त्यावरची नर्स मिळते.

दुभाष्याची गंमत वेगळी. केंद्रीय पैसा घेणाऱ्या दवाखान्यानं भाषेची मदत फुकट द्यायची असा कायदा आहे. माझं इंग्रजी ठीक आहे, पण गोळ्या सुरू झाल्यावर 'अंगात कसकस' आणि 'पोटात ढवळतंय' हे सांगायला इंग्रजी पुरेना. नर्सनं विचारलं, दुभाषी बोलवू? चक्क मराठी, फोनवर, सात-आठ मिनिटांत. पलीकडून बाई म्हणाल्या, "आपणांस शौचास कसे होते आहे?" मी इतकी हसले की नर्सला वाटलं काही बिनसलं. पण कसकस त्यांना लगेच कळली, आणि यकृताची रक्ततपासणी त्यामुळेच झाली.

आणि तिथंच बिल फुटलं. रक्त सेंटरमध्ये काढलं, पण तपासायला बाहेरच्या लॅबला गेलं, आणि ती लॅब माझ्या विम्याच्या यादीबाहेरची. १६४ डॉलरचं पाकीट घरी आलं. अचानक येणाऱ्या बिलांविरुद्ध १ जानेवारी २०२२ पासून कायदा आहे, तो माझ्या कामाचा असेल असं वाटलं. पण तो मुख्यतः इमर्जन्सीला आणि हॉस्पिटलांसारख्या ठिकाणांना लागतो. साध्या क्लिनिकमधून बाहेर गेलेल्या रक्ताला नाही. (रस्त्यावरच्या ॲम्ब्युलन्सलाही नाही, हे लक्षात असू द्या.) मग ती सहा पानं काढली. पाचव्या पानावर लिहिलं होतं, खर्चाची कल्पना आधी मिळणं हा पेशंटचा हक्क. तक्रारी बघणाऱ्या बाईंना तेच वाक्य उतरवून ईमेल केला. तीन आठवडे, चार ईमेल. शेवटी बिल सेंटरनं घेतलं, मला २० डॉलर पडले. आता रक्त देण्याआधी दंड पुढे करतानाच विचारते, हे इथंच तपासणार की बाहेर? चुकवलेल्या अपॉइंटमेंटचे २५ डॉलर मात्र गेले ते गेलेच. २४ तास आधी रद्द करायची असते.

आणखी एक पाकीट आलं, ते वेगळाच उपद्व्याप करून गेलं. आम्ही चौघी एका घरात, टपालपेटी एक. विमा कंपनीचं 'हे बिल नाही' असं ठळक छापलेलं पत्र नागपूरच्या रूममेटनं आपलं समजून फोडलं. "अगं, तुला टीबी आहे?" स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर. सुप्त म्हणजे काय हे समजावण्यात रात्र गेली, आणि एकीनं आठवडाभर आपला कप वेगळा ठेवला. सेंटरनं कितीही तोंड शिवून घेतलं तरी विमा कंपनी टपाल पाठवते. पहिल्याच दिवशी कंपनीच्या साइटवर जाऊन कागदी पत्रं बंद करा.

आईचं राहिलं. जानेवारीत फ्लूनं मी फोन सायलेंटवर टाकून झोपले. आईनं दादाकडून सेंटरचा नंबर काढला, तिकडे रात्रीचे नऊ, इथं सकाळचे साडेनऊ, आणि "आय ॲम मदर" म्हणून लावला फोन. उत्तर आलं, अशी कोणी व्यक्ती आमची पेशंट आहे की नाही हेसुद्धा सांगू शकत नाही. आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धुमसत होती. "म्हणजे मला मुलगी आहे की नाही हेच त्यांना माहीत नाही!" इथल्या आईबापांना थोडी वाट आहे, मुलगा त्यांच्या टॅक्समध्ये अवलंबून दाखवलेला असेल तर फर्पाखाली विद्यापीठ त्यांना माहिती देऊ शकतं. मिरजेत इन्कम टॅक्स भरणाऱ्या आईला ती वाट नाही.

मग मी माहिती देण्याच्या परवानगीचा फॉर्म भरला. त्यात वेगवेगळे चौकोन असतात: अपॉइंटमेंट, रिपोर्ट, बिल, मानसिक आरोग्य, इमर्जन्सी. प्रत्येकासमोर आद्याक्षरं घालायची. मी फक्त इमर्जन्सीचा भरला. क्षयाचं आईला मी स्वतःच सांगितलं, गोळ्यांच्या दुसऱ्या महिन्यात. तिचा पहिला प्रश्न "बरी आहेस ना?" आणि दुसरा लगेच, "मावशीला बोलली नाहीस ना?" मावशीनं पुढे खोदून विचारलं तेव्हा आईनं काय उत्तर दिलं ते दादानं सांगितलं. "मी काही सांगू शकत नाही." सेंटरवाल्यांचंच वाक्य.

गोळ्या संपल्या, डोळ्यांतलं पाणी पूर्ववत झालं, नर्सनं पूर्ण केल्याचा दाखला दिला. तो मागून कागदावर घ्या, नोकरीत किंवा दुसऱ्या विद्यापीठात पुन्हा रक्ताची चाचणी करायला सांगतात आणि ती पुढेही पॉझिटिव्हच येऊ शकते. माझा मी कॅरीबॅगेत घालून ठेवलाय. आईच्या नावाच्या फॉर्मची मुदत वर्षभराची, मार्चमध्ये संपते. तिनं कालनिर्णयवर त्या तारखेला गोल करून ठेवलाय.