फाटक बंद होणार: उड्डाणपूल मागावा की भुयारी मार्ग?

ग्रामसभेत ठराव कशाचा मांडायचा, असं सरपंचताई विचारतायत. फाटक रेल्वेचं, पण ते बंद करताना राज्याची संमती घेतात. तेव्हा बोलायचं ते आत्ताच.

खर्च नि वेळ: पुलाचा खर्च बहुधा रेल्वे आणि राज्य वाटून घेतात, पण पोहोचरस्त्याच्या भूसंपादनात वर्षं जातात. भुयारी मार्गाच्या काँक्रीटच्या पेट्या रुळांखाली काही तासांच्या ब्लॉकमध्येही (गाड्या थांबवून) बसवतात.

पावसाळा: इथे भुयार हरतं. आषाढात गुडघाभर पाणी. पंप असतो, वीज नसते! शिवाय उसाची भरलेली ट्रॉली कमानीला अडते.

पायी माणसाला मात्र पुलाचा वळसा जिवावर येतो.

कारखान्याची वाहतूक असेल तर पूलच. नुसती शिवाराची वाट, तीही उंचावर, तर भुयार पुरे. फक्त पाणी कुठे काढणार ते आधी नकाशावर दाखवा, असं ठरावात लिहा.