.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर, अकरा महिन्यांनंतर : मूठ, मधलं बोट आणि स्वस्त काडतुसं

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी रिव्हॉल्व्हरचा घोडा चढला असता, तर हे लिहायला बसलो नसतो.

टेक्सासातल्या सॅन अँटोनियोच्या दक्षिणेला, ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानात होतो. पस्तीस यार्डांवर रानडुक्कर. पहिली गोळी लागली, पण हवी होती त्याच्या चार बोटं मागे. ते जागच्या जागी उभं राहिलं, म्हणजे दुसरी गोळी लगेच द्यायला हवी होती. अंगठ्याने घोडा ओढला, तो निम्म्यावरही येईना. सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात ते फिरतं चाक, अडकलेलं. तेवढ्यात ते मेस्किटच्या काटेरी जाळीत शिरलं. शेतकऱ्याच्या कुत्र्याने दोन तासांनी माग काढला आणि शेवट त्यांच्या रायफलने झाला. जखमी जनावर दोन तास तसंच राहिलं, ते माझ्यामुळे. ही गोष्ट मला अजून बोचते.

आता पहिल्यापासून. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असताना या वाटेला गेलो नाही. ग्रीन कार्ड आलं, हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, मग खरेदी. सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुकरं मारायला शिकारीचं लायसन्स लागत नाही. ती इथली मूळची नाहीत आणि एका रात्रीत मक्याचं रान नांगरल्यासारखं करून टाकतात. आमच्या गावाकडे भुईमुगात डुकरं शिरल्यावर काय होतं हे लहानपणी पाहिलंय, त्यामुळे शेतकऱ्याचा वैताग मला समजावून सांगावा लागला नाही. तिकडचा कायदा वेगळा आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली भारतात शिकारीला बंदी आहे, म्हणून हे सगळं इथल्यापुरतंच वाचा.

पहिली चूक पैशांची. ताकद कमी पडेल या भीतीने मी सुरुवातीला जास्त जोरदार .४५४ कॅसूल घेतलं. पाच काडतुसांचं, वापरलेलं. वीस काडतुसांची पेटी पन्नास डॉलरच्या आसपास आणि धक्का असा, की तिसऱ्या बारानंतर चाप ओढायच्या आधीच माझे डोळे मिटायचे. रेंजवर शेजारच्या माणसाने मला न सांगता सिलिंडरचं एक घर मध्येच रिकामं ठेवलं. बार उडालाच नाही, तरी नळी वीतभर खाली गेली! ही दचकायची सवय एकदा लागली, की जायला महिने लागतात. चार महिन्यांत तीनशे डॉलरचं नुकसान सोसून ते विकलं. त्याहूनही मोठे .५०० वाले २००३ पासून बाजारात आहेत. लांब नळीचं रिव्हॉल्व्हर दोन किलोच्या वर भरतं. ते मी फक्त हातात घेऊन परत ठेवलं.

मग .४४ मॅग्नम. आयडाहोतल्या एल्मर कीथ नावाच्या गुरं पाळणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षं .४४ स्पेशलमध्ये जोरदार काडतुसं भरून पाहिली, कंपन्यांच्या मागे लागला आणि १९५५ मध्ये ते तयार झालं. २४० ग्रेनची गोळी, म्हणजे साडेपंधरा ग्रॅम शिसं, आणि वेग सेकंदाला तेराशे फुटांच्या पुढे. डुकराला एवढं पुरतं. शिवाय त्याच सिलिंडरमध्ये .४४ स्पेशल चालतं, म्हणजे सराव हलक्या काडतुसांवर होतो. खिशाला आणि मनगटाला, दोन्हींना हे मानवतं. माझं जुन्या घाटाचं सिंगल ॲक्शन आहे, म्हणजे दर बाराला घोडा अंगठ्याने ओढायचा, सहा घरं, साडेसात इंची नळी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार घाटाबद्दल होती.

होती म्हणतो, कारण मत बदललं. कसं ते सांगतो.

पहिले पाच महिने माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट सुजलेलं असायचं. बार उडाला, की चापाच्या कड्याची मागची बाजू नेमकी त्या बोटाच्या सांध्यावर आदळायची. दहा गोळ्यांनंतर सांधा लाल, वीसनंतर कातडी सोललेली. रेंजवरून घरी आलो, की बायको न विचारता फ्रीजरमधून वाटाण्याची पिशवी काढून द्यायची. ऑफिसात कीबोर्डवर ते बोट उचलून टायपिंग केलंय मी. पस्तीस डॉलरची रबरी मूठ आणली. सांधा वाचला, पण मूठ हाताला घट्ट चिकटल्यामुळे सगळा धक्का अंगठ्यामागच्या मांसात. ती काढून कपाटात ठेवली. त्यावर हातमोजा आणला, तोही पंधरा डॉलरचा. मी ते विकायलाच काढलं होतं.

मग रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझी पकड पाहिली आणि म्हणाले, हिला नांगराची मूठ म्हणतात, तू हिला हातोड्यासारखी का धरतोस?

नांगराची मूठ. म्हणजे आमचं रुमणं! माण तालुक्यातल्या खडकाळ रानात आण्णांनी मला पहिल्यांदा रुमणं धरायला दिलं, तेव्हा मी ते जीव खाऊन आवळलं होतं. दगड लागला की हिसका थेट खांद्यात. आण्णा म्हणाले, "आवळू नको बाळा, धर. नांगराला हातात फिरू दे." १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरपासून ही मूठ अशीच वळणदार ठेवलीय. धक्का बसला, की ती तळहातात वर गोल फिरावी आणि जोर नळी उचलण्यात खर्ची पडावा, यासाठी. मी ती आवळून फिरू देत नव्हतो, आणि मधलं बोट कड्याला अगदी खेटून धरत होतो. बोट थोडं खाली घेतलं, करंगळी मुठीच्या बुडाखाली सरकवली. पहिल्याच बाराला मूठ हातात फिरली आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली आला, पुढच्या बारासाठी तयार. सांध्याला काही झालं नाही. मी सहा गोळ्या उडवल्या आणि तिथल्या बाकावर बसून राहिलो. आण्णांना फोन करावासा वाटला, पण ते आता नाहीत.

त्या दिवसापासून लाकडी मूठच आहे. वीस यार्डांवर सहाही गोळ्या कागदी बशीत बसतात. चाळीस यार्डांपलीकडे मी बार काढत नाही.

मग फेब्रुवारीत घोडा का अडकला? तो दोष माझ्या काटकसरीचा. एका दुकानातून पुन्हा भरलेली काडतुसं घेतली होती, नव्यापेक्षा जवळजवळ निम्म्या भावात. पितळी केसचं, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याचं, तोंड गोळीवर नीट आवळलेलं नसलं, तर प्रत्येक धक्क्याला बाकीच्या घरांतल्या गोळ्या जराजरा पुढे सरकतात. आदल्या संध्याकाळी मी तीन बार काढले, तीन रिकाम्या केस बदलल्या, उरलेली तीन तशीच ठेवली. त्या तिघांनी आधीच तीन धक्के खाल्ले होते. सकाळचा चौथा. एक गोळी सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली आणि फ्रेमला अडली.

तिथे काहीच खटपट केली नाही, नळी जमिनीकडे धरून तसंच गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, नेलं. साठ डॉलर. त्याने व्हर्नियर लावला : काडतूस जास्तीत जास्त ४०.९ मिलिमीटर असायला हवं, ते ४५ च्या आसपास. दुकानाला फोटो पाठवले. उत्तर आलं, उघडलेली पेटी परत घेत नाही. तीन मेल, दोन फोन, तेच उत्तर. पैशापेक्षा मला याचा राग आहे, की "हा माल कुठे वापरू नका" एवढंसुद्धा त्यांनी सांगितलं नाही.

गनस्मिथने शिकवलेली चाचणी आता प्रत्येक नव्या पेटीला करतो. एका काडतुसाची लांबी मोजायची, त्यावर मार्करने खूण, ते शेवटच्या घरात. पाच बार काढायचे, मग खुणेचं बाहेर काढून पुन्हा मोजायचं. लांबी बदलली, तर ती पेटी शिकारीला न्यायची नाही. सध्या कठीण शिशाच्या, सपाट नाकाच्या, कारखान्यातून आलेल्या गोळ्या वापरतो. एकाला दोन डॉलरच्या जवळ पडतात. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड ढालीसारखा थर असतो, तो भेदून आत जायला अशी गोळी बरी पडते. हृदयही वाटतं त्यापेक्षा खाली असतं, पुढच्या पायाच्या रेषेत.

मार्चअखेर त्याच रानात अठ्ठावीस यार्डांवर एक मादी. एकच बार, जागेवर पडली. मांस दोन घरांत वाटलं.

जुन्या पेटीतली एकतीस काडतुसं शिल्लक आहेत. फेकवत नाहीत. रेंजवर सिलिंडरमध्ये एका वेळी एकच भरून संपवतोय. एकच असलं, की सरकायला दुसरी गोळी नसते.