३०४ की ३१६? हातातल्या टेस्टरचा वर्षभराचा अनुभव

फॅब्रिकेशनमध्ये माल उतरवून घ्यायचं काम ज्याच्याकडे असतं, त्याच्या डोक्याला एक घोर कायम असतो. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील म्हणून आलेल्या पाइपांच्या गठ्ठ्यात ३०४ ग्रेडचा एखादा तुकडा तर शिरला नसेल ना? दोन्ही दिसायला सारखे, वजनाला जवळपास सारखे, आणि चुंबक दोघांनाही नीट धरत नाही. मुख्य फरक २ ते ३ टक्के मॉलिब्डेनमचा. मिठाच्या किंवा क्लोराइडच्या पाण्याशी गाठ पडली की हाच फरक उघडा पडतो. ३०४ ला बारीक खड्डे पडू लागतात. वरून ते टाचणीच्या टोकाएवढे दिसतात, आत मात्र पत्रा पोखरत जातात.

यासाठी वर्षभराहून जास्त काळ मी दोन प्रकारची यंत्रं वापरतोय: बॅटरीवर चालणारा थेंबाचा टेस्टर आणि व्होल्टेज मोजणारं पेन. दोन्ही खिशात मावतात.

थेंबाचा टेस्टर अगदी साधा आहे. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन वायर, एक क्लिप, एक टोक आणि द्रावणाची बाटली. जॉबवर थेंब टाकायचा, क्लिप जॉबला लावायची, टोक थेंबात बुडवायचं आणि काही सेकंद करंट द्यायचा. जॉब धन बाजूला असल्यामुळे त्या ठिकाणचा धातू किंचित विरघळून थेंबात उतरतो. त्यात मॉलिब्डेनम असेल तर द्रावणातलं रसायन त्याला पकडतं आणि थेंब गडद होतो. नसेल तर फिकाच राहतो. कोणत्या छटेला ‘हो’ म्हणायचं ते द्रावणागणिक बदलतं, त्यामुळे किटसोबत आलेल्या रंगपट्टीवर मी अवलंबून राहत नाही. खात्रीच्या ३१६ आणि ३०४ चे दोन तुकडे डबीत ठेवलेत. रोज काम सुरू करताना आधी त्यांच्यावर थेंब टाकतो, मग मालावर.

ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असं मी कळकळीने सांगेन, कारण हा टेस्टर चुकतो तो बहुतेक वेळा एकाच दिशेने. बॅटरी उतरली, द्रावण जुनं झालं, क्लिपखाली रंग किंवा गंज राहिला, वायर उलट्या लागल्या, यातलं काहीही झालं तरी थेंब फिकाच राहतो. वायर उलट्या असतील तर धातू विरघळतच नाही, नुसते बुडबुडे येतात. म्हणजे खरं ३१६ सुद्धा ३०४ वाटतं आणि चांगला माल परत पाठवला जातो. डबीतल्या ३१६ वर रंग आला तरच मालावरच्या फिक्या थेंबाला अर्थ आहे.

दुसरी बाजूही समजून घ्यायला हवी. थेंब गडद झाला याचा अर्थ ‘मॉलिब्डेनम आहे’ एवढाच. ते मॉलिब्डेनम असलेलं दुसरं स्टेनलेसही असू शकतं: ३१७, ९०४एल किंवा २२०५ डुप्लेक्स (दोन प्रकारची अंतर्गत रचना एकत्र असलेलं स्टेनलेस). २२०५ मध्येही साधारण ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. डुप्लेक्स वेगळं काढायला चुंबक पुरतो, कारण तो त्याला स्पष्ट धरतो. ३१६ आणि ३१६एल मात्र या टेस्टरने कधीच वेगळे करता येणार नाहीत. एल म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत, आणि कार्बनचं या थेंबाला काहीच कळत नाही. हातातल्या महागड्या एक्सआरएफ गनलाही (क्ष-किरणांनी धातूतले घटक ओळखणारं यंत्र) कार्बन दिसत नाही. तिथे टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या घाण्याचा क्रमांक) हाच आधार.

कमी निकेलच्या २०१ सारख्या मालासाठी मी कागदाची पद्धत वापरतो, आणि मला ती मनापासून आवडते. गाळण कागदाचा तुकडा द्रावणात भिजवून जॉबवर ठेवायचा, वरून टोक दाबून करंट द्यायचा. मग कागद उचलून त्यावर अमोनियातलं डायमिथिलग्लायॉक्झिम सोडायचं. निकेल असेल तर बघता बघता गुलाबी-लाल डाग उमटतो. सोबत लोखंडही उतरलेलं असतं. त्याचा तपकिरी रंग हा लाल झाकून टाकू नये म्हणून द्रावणात सायट्रेट किंवा टार्ट्रेट असावं लागतं. पहिल्या किटमध्ये ते नसावं, सगळे डाग मातकट यायचे. दुसऱ्या द्रावणावर गेल्यावर रंग स्वच्छ दिसू लागला. तरी २०१ मध्येही ३.५ ते ५.५ टक्के निकेल असतंच, म्हणून नुसता डाग आला एवढ्यावर निकाल देता येत नाही. शेजारी ३०४ चा डाग घेऊन गडदपणा ताडून बघावा लागतो. पैज लावण्याइतकी खात्री इथे मिळत नाही. संशय आला की तो तुकडा मी बाजूला काढतो आणि लॅबला पाठवतो.

पेनबद्दल माझं मत जरा हातचं राखून आहे. टोकाला ओलं जेल, आत संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजायचं तो), दुसरी वायर जॉबला. मधलं व्होल्टेज पडद्यावर दिसतं आणि यंत्र ते साठवलेल्या यादीशी जुळवतं. डाग जवळजवळ पडत नाही हा मोठा फायदा. पण हे यंत्र धातूत काय काय आहे ते मोजत नाही. त्या क्षणी धातूचा पृष्ठभाग जेलमध्ये कसा वागतोय, तेवढंच त्याला कळतं. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर असतो. घासल्यावर तो लगेच पुन्हा बनायला लागतो आणि आकडा सरकत राहतो. आत्ता घासलेला पाइप आणि काल घासलेला पाइप एकाच गठ्ठ्यातले असूनही वेगवेगळे आकडे देतात. म्हणून एकाच नंबरच्या एमरीने घासायचं, तेवढाच वेळ थांबायचं, टेकवल्यावर दर वेळी तितक्याच सेकंदांनी वाचायचं. एवढं पाळलं तर पेन ठरलेल्या दोन ग्रेडमधला फरक छान दाखवतं. यादीतून आपोआप नाव सुचवण्यावर मात्र माझा विश्वास नाही. पितळ आणि काही ब्राँझ यांचे आकडे इतके जवळ येतात की नाव काहीही येऊ शकतं. मुलामा असेल तर पेन मुलाम्याचंच उत्तर देतं. सोन्यासाठी विकल्या जाणाऱ्या पेनांनाही हीच मर्यादा आहे. कानस मारून आतला धातू उघडा केल्याशिवाय त्यांचं ऐकू नये.

देखभालीला फार काही लागत नाही. पेनचं टोपण घट्ट लावायचं, नाहीतर जेल सुकतं. थंडीत आकडा स्थिरावायला वेळ लागतो. थेंबाचं द्रावण बहुधा आम्लाचं असतं, हातमोजे हवेतच, आणि चाचणी झाल्यावर जागा पाण्याने नीट धुवायची, कारण राहिलेलं द्रावण डाग पाडतं. पॉलिश केलेल्या दर्शनी बाजूवर मी थेंब कधीच टाकत नाही, पाइपचं कापलेलं टोक बरं पडतं. वेल्डिंगवर आणि त्याच्या आजूबाजूच्या रंगलेल्या पट्ट्यावरही चाचणी घेऊ नये. जोडात फिलरचा, म्हणजे वेल्डिंग करताना भरलेला, धातू मिसळलेला असतो आणि रंगलेल्या पट्ट्यावर ऑक्साइडचा थर असतो. फिलर तपासायचाच असेल तर जोडाच्या मधोमध वेगळा थेंब टाकावा आणि त्याची नोंदही वेगळी ठेवावी.

ज्यांच्याकडे दोन-तीन ठरलेल्या ग्रेडचाच माल येतो त्यांनी थेंबाचा टेस्टर बेलाशक घ्यावा. भंगारात काहीही येऊ शकतं, तिथे तो पहिल्या चाळणीपुरताच. पेन घ्यायचं असेल तर आपल्या मालाचे आकडे स्वतः भरता येतात का, हे आधी विचारा. ती सोय नसलेलं पेन मी पुन्हा घेणार नाही.